मसाला परदेशी पाठवायचा, तर बांधायचा कसा?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी आपल्या तीन गटांनी मिळून कांदा-लसूण मसाल्याची एक ऑर्डर घेतली होती. मुंबईचा एक निर्यातदार व्यापारी आपला माल आखाती देशात पाठवणार होता. २०० ग्रॅमची १,२०० पाकिटं, एका खोक्यात ५०, म्हणजे २४ खोकी. रात्रीचा दिवस करून बायांनी काम केलं. टेम्पो निघाला तेव्हा सगळ्यांनी मिळून नारळ फोडला.

चौथ्या दिवशी गोदामातून फोन आला. ९ खोक्यांतली पाकिटं तोंडाशी उसवत होती, खोक्याला आतून तेलाचे डाग पडले होते. ती ९ खोकी परत. उरलेल्या १५ खोक्यांच्या लेबलावर तिळाचा उल्लेख नव्हता. नवीन लेबलं चिकटवल्याशिवाय माल पुढे जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या सहाजणी दोन दिवस गोदामात बसून लेबलं चिकटवत होत्या.

मसाल्याच्या चवीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. उलट व्यापारी म्हणाला, "ताई, मसाला एक नंबर आहे, पण बांधणी गावच्या बाजाराची आहे."

परत आलेला ९० किलो मसाला आठवडे बाजारात किलोमागे १०० रुपये कमी घेऊन विकला. ९,००० रुपये तिथे गेले. पाकिटं वाया गेली, टेम्पोचं जाणं-येणं झालं, ते वेगळंच. त्यानंतरच्या बैठकीत जे झालं ते त्याहून वाईट होतं. खराब पाकिटं कोणत्या गटाची? एक गट म्हणाला आमची नाहीत, दुसरा म्हणाला आमची नाहीत. पाकिटांवर बॅच नंबरच नव्हता, मग ठरवणार कसं? शेवटी नुकसान तिघांत सारखं वाटलं. ज्यांचं काम चोख होतं त्यांच्या हिश्शातूनही पैसे गेले. एका गटाने तर पुन्हा एकत्र ऑर्डर घेणार नाही असंच सांगून टाकलं.

मी विक्री समितीत आहे, म्हणून त्या चुकीतला मोठा वाटा माझाही आहे. तेव्हापासून आम्ही जे शिकलो, विचारून घेतलं आणि करून पाहिलं, ते या पाठात दिलं आहे. एक गोष्ट मनात पक्की धरा. गावात माल विकताना आपण समोर असतो, गिऱ्हाइकाने विचारलं तर तोंडाने सांगतो. परदेशी जाणाऱ्या पाकिटासोबत आपण जात नाही. जे सांगायचं ते पाकिटाने, खोक्याने आणि कागदाने सांगायचं असतं.

पहिली गोष्ट : ओल

मसाल्याचा सगळ्यात मोठा शत्रू ओल. मिरची नीट वाळली नाही, किंवा वाळवताना रात्रीच्या दवात राहिली, की तिच्यावर बुरशी धरते. काही बुरशींमधून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि भाजल्या-तळल्याने पुरतं जातही नाही. युरोपातल्या देशांत मिरची-हळदीसारख्या मसाल्यांत सगळी अफ्लाटॉक्सिनं मिळून एका किलोमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक गोष्टीवरून अख्खा माल परत जातो किंवा तिथेच नष्ट केला जातो.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांपेक्षा आणि हळद पुडीत १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. यासाठी आपल्या हातात काय आहे?

- मिरची मातीवर नको. ताडपत्री, स्वच्छ कापड किंवा उंच मांडवावर वाळवा. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवा.
- ब्याडगी असो की संकेश्वरी, देठ काढताना डाग पडलेली, पांढुरकी, मऊ लागणारी मिरची बाजूला काढा. "दळल्यावर कळत नाही" असं म्हणू नका. प्रयोगशाळेत कळतं.
- कांदा, लसूण, खोबरं, तीळ यांची ओल वेगवेगळी असते. प्रत्येक जिन्नस वेगळा वाळवून-भाजूनच एकत्र करा. तेल मोजून घाला. आपली खोकी तेलकट झाली ती "अंदाजाने" घातलेल्या तेलामुळे.
- कांडप यंत्रावरून आलेला मसाला गरम असतो. तो गरमच पाकिटात भरला तर आत वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि गुठळ्या पडतात. स्वच्छ परातीत पसरून, कापडाने झाकून पूर्ण निवू द्या. मगच भरा.
- जमेल तेवढं काम मृग लागायच्या आत उरका. पावसाळ्यात भरायचंच असेल तर बंद, कोरड्या खोलीत भरा, आणि उघडलेलं पोतं त्याच दिवशी संपवा.

दुसरी गोष्ट : पाकिटात नको ते जाऊ नये

हे लिहिताना मला थोडं अवघड वाटतंय, पण लिहायलाच हवं. आपल्या हातात काचेच्या बांगड्या असतात. कपाळाला टिकली असते. केसांत पिन असते. मसाल्यात काचेचा एक तुकडा सापडला तर गिऱ्हाईक जायबंदी होतं आणि आपला धंदा कायमचा बसतो. भरण्याच्या खोलीत काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या. ज्यांना काढायच्या नसतील त्यांनी बांधणी करायची, भरण्याचं काम करायचं नाही. कोणावर जबरदस्ती नको, पण नियम सगळ्यांना सारखा. डोक्याला टोपी, मनगटाला घट्ट बसणाऱ्या बाह्यांचा अ‍ॅप्रन, नखं कापलेली. हाताला जखम असेल तर त्या दिवशी दुसरं काम.

कांडप यंत्राच्या लोखंडाचा बारीक कीस मसाल्यात उतरतो. भरण्याआधी मसाल्यातून चांगला चुंबक फिरवा. पहिल्यांदा चुंबकाला काय चिकटतं ते पाहाल तर पुन्हा कधी विसरणार नाही. पाकिटाच्या आसपास स्टेपलरची पिन वापरूच नका.

रंगासाठी काहीही मिसळू नका. मिरची लाल दिसावी म्हणून वापरला जाणारा सुदान रंग खाद्यपदार्थात चालत नाही, आणि तपासणीत हमखास पकडला जातो. कीड मारण्यासाठी धुरी किंवा औषध वापरायचं असेल तर खरेदीदाराला विचारल्याशिवाय नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातून गेलेल्या काही तयार मसाल्यांची विक्री थांबवली. कारण होतं त्यात सापडलेलं इथिलीन ऑक्साइड. जंतू मारायला ते वापरतात, पण बऱ्याच देशांना ते अन्नात मान्य नाही.

तिसरी गोष्ट : पाकीट आणि त्याचं तोंड

साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून हवा, वास आणि ओल हळूहळू आत-बाहेर होत राहते. मसाल्याला थरांचं लॅमिनेटेड पाऊच लागतं. बाहेर छपाईचा थर, मधे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आत अन्नाला चालणारं पॉलिथीन. पाऊच घेताना दुकानदाराकडून "खाद्यपदार्थासाठी योग्य" असं लिहिलेलं बिल घ्या.

आपली ९ खोकी परत आली त्याचं खरं कारण हेच : भरताना मसाल्याची पूड पाऊचच्या तोंडाला लागली होती आणि त्यावरच सील मारलं. पूड मधे आली की प्लॅस्टिक प्लॅस्टिकला चिकटत नाही. दिसायला सील पक्कं, दाबलं की फुस्स. म्हणून :

- नरसाळं वापरूनच भरा. तोंड कोरड्या कापडाने आतून-बाहेरून पुसा.
- सीलिंग मशीन गरम व्हायला वेळ द्या. सुरुवातीची पाच पाकिटं तपासायला काढा.
- दर ५० पाकिटांमागे एक पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा. बुडबुडा आला तर मागच्या सगळ्या ५० पाकिटांची तपासणी. तपासलेलं पाकीट विक्रीत नको.

वजनाचंही तसंच. आपली पाकिटं तपासली तेव्हा कुठे १९४ ग्रॅम, कुठे २०६ ग्रॅम भरली. कमी भरणं म्हणजे फसवणूक. जास्त भरणं म्हणजे आपलंच नुकसान. पाकिटामागे ६ ग्रॅम जास्त गेले तर १,२०० पाकिटांत ७ किलो २०० ग्रॅम मसाला फुकट जातो. इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि दरवर्षी वैधमापन खात्याकडून त्यावर शिक्का मारून घ्या. रिकाम्या पाऊचचं वजन आधी वजा करायला विसरू नका.

चौथी गोष्ट : लेबल

गावात आपण सांगतो, "सगळं घरचं आहे, काय नाही त्यात." परदेशात एवढ्याने भागत नाही. काही माणसांना तीळ, शेंगदाणा किंवा गहू खाल्ला की श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्या पदार्थांची अशी बाधा होते ते लेबलावर ठळक लिहावेच लागतात. युरोपच्या यादीत असे १४ पदार्थ आहेत. त्यात तीळ, मोहरी, शेंगदाणा आणि गहू येतात. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा आपल्या यादीत समावेश केला.

आता आपला मसाला आठवा. तीळ आहे. आणि हिंग? बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. हिंगाच्या डबीवर गहू लिहिला असेल तर तो आपल्या लेबलावरही यायला हवा. प्रत्येक विकतच्या जिन्नसाचं लेबल वाचा आणि फोटो काढून ठेवा. ज्या खलात किंवा यंत्रात आधी शेंगदाण्याची चटणी केली असेल तिथे धुतल्याशिवाय मसाला करू नका.

लेबलावर साधारण हे हवं :

१. पदार्थाचं नाव, खरेदीदाराच्या देशात चालणाऱ्या भाषेत. आखाती देशांसाठी अरबी मजकूर लागतो. तो खरेदीदाराकडूनच तपासून घ्या.
२. जिन्नस, जास्तीकडून कमीकडे. सगळ्यात जास्त मिरची असेल तर मिरची आधी.
३. बाधा होणारे पदार्थ ठळक अक्षरात.
४. निव्वळ वजन.
५. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख.
६. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, "भारतात उत्पादित".

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ०५/०६ लिहिलं तर आपण ५ जून वाचतो आणि अमेरिकेतला माणूस ६ मे वाचतो. "सेंद्रिय" हा शब्द प्रमाणपत्र असल्याशिवाय लिहू नका, शेणखतावरची मिरची असली तरी. "मधुमेह बरा होतो" असलं तर मुळीच नको.

पाचवी गोष्ट : बॅच नंबर आणि वही

मला विचाराल तर या पाठातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. एका दिवशी, एका गटाने, एकाच कांडपाचा जो मसाला केला ती एक बॅच. नंबर साधा ठेवा : गटाचं अक्षर, तारीख आणि त्या दिवसाचा कितवा घाणा. वहीत प्रत्येक बॅचसाठी एक ओळ. मिरची कोणाकडून घेतली, तेल किती घातलं, भरायला कोण होत्या, सील कोणी मारलं, किती पाकिटं झाली. शिवाय प्रत्येक बॅचची दोन पाकिटं राखीव ठेवा, वापरायची मुदत संपेपर्यंत. उद्या तक्रार आली तर आपल्याकडचं पाकीट उघडून पाहता येतं.

ही वही कोणाला पकडण्यासाठी नाही. एका बॅचमध्ये खोट निघाली तर तेवढीच बॅच बाजूला काढता येते, बाकीच्यांचे पैसे वाचतात. आणि ज्या बाईचं काम चोख आहे तिच्या कामाचा तो पुरावा असतो.

सहावी गोष्ट : खोकं

किराणा दुकानातून आणलेली बिस्किटांची जुनी खोकी चालत नाहीत. त्यांचे कोपरे मऊ झालेले असतात, आणि दुसऱ्याचं नाव छापलेलं असतं. नवीन, निदान पाच पदरी पुठ्ठ्याचं खोकं घ्या. आत पॉलिथीनची मोठी पिशवी घालून तिच्यात पाकिटं भरा. रिकामी जागा भरायला पेंढा, गवत, वर्तमानपत्र नको. पेंढ्यातून कीड जाते म्हणून अनेक देश तो आत येऊ देत नाहीत.

जागा रिकामी राहणारच नाही असं मापाचं खोकं घेणं सगळ्यात उत्तम. हिशेब बघा. ४० × ३० × ३० सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ०.०३६ घनमीटर. अशी १०० खोकी ३.६ घनमीटर जागा घेतात. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, म्हणजे आपला माल दुसऱ्यांच्या मालासोबत सुटा जातो आणि भाडं घनमीटरवर लागतं. खोक्यात हवा भरून पाठवली तर हवेचंही भाडं आपणच भरतो.

खोकं बंद करताना वरच्या-खालच्या फटीवर आणि दोन्ही कडांना रुंद टेप लावा. मग एक भरलेलं खोकं घेऊन परीक्षा करा. कमरेएवढ्या उंचीवरून टाका : एकदा कोपऱ्यावर, तीनदा वेगवेगळ्या कडांवर, सहाही बाजूंवर एकेकदा. बंदरावर आपल्या खोक्याला कोणी फुलासारखं उचलत नाही. दहा वेळा पडूनही आतलं पाकीट शाबूत राहिलं, तर खोकं पास.

खोक्याच्या दोन बाजूंना हे लिहा : खरेदीदाराची खूण आणि ऑर्डर नंबर, बॅच नंबर, निव्वळ वजन, एकूण वजन, माप, "भारतात उत्पादित" आणि खोक्याचा क्रमांक, जसं १/२४, २/२४. उघडलेल्या छत्रीचं चित्र म्हणजे पाण्यापासून जपा. वर जाणारे दोन बाण म्हणजे ही बाजू वर. अक्षर न कळणाऱ्या हमालालाही चित्र कळतं.

खोकी एकावर एक रचताना कोपऱ्यावर कोपरा येऊ द्या. खोक्याची ताकद कोपऱ्यात असते. विटांसारखी सांधा मोडून रचली तर खालची खोकी दबतात. लाकडी पॅलेट वापरायची असेल तर तिच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि "एचटी" ही अक्षरं हवीत. लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून त्यातली कीड मारली आहे, असा त्याचा अर्थ. गावच्या सुताराकडून केलेली बिनशिक्क्याची पॅलेट बंदरावर अडते.

सातवी गोष्ट : कंटेनरमधला पाऊस

न्हावा शेवा बंदरातून जहाज निघालं की लोखंडी कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो. आतल्या हवेतली वाफ छताला लागून पाणी होते आणि खोक्यांवर टपकते. याला त्या धंद्यात कंटेनरमधला पाऊस म्हणतात. म्हणूनच आतली पॉलिथीनची पिशवी महत्त्वाची. मोठा माल असेल तर ओल शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरमध्ये टांगतात.

कधी आपल्यासमोर कंटेनर भरला जाणार असेल तर आधी आत जाऊन दार लावून घ्यायला सांगा. अंधारात कुठून उजेडाची तिरीप आली तर तिथे भोक आहे. वासही घ्या. आधी रसायन किंवा मासळी गेली असेल तर मसाल्याला तो वास लागतो.

आठवी गोष्ट : कागद

पहिली एक-दोन वर्षं निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत माल द्यावा, असं माझं मत आहे. स्वतः पाठवायचं ठरवलं तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो, आणि मसाल्यासाठी स्पाइसेस बोर्डाची नोंदणी लागते. थोडा माल असेल तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. तिथून पार्सलने माल पाठवता येतो.

कोणताही मार्ग असो, पॅकिंग लिस्ट आपल्यालाच करावी लागते. कोणत्या क्रमांकाच्या खोक्यात कोणत्या बॅचची किती पाकिटं, निव्वळ वजन किती, एकूण वजन किती. समजा ५० पाकिटांचा मसाला १० किलो, रिकामे पाऊच ३०० ग्रॅम, खोकं ७०० ग्रॅम, तर निव्वळ वजन १० किलो आणि एकूण ११ किलो. बिल, यादी आणि खोक्यावरचा आकडा तिन्ही एकच हवेत. एक आकडा चुकला तरी कस्टममध्ये माल अडकतो आणि गोदामाचं भाडं चढत जातं.

ऑर्डर घेतानाच लिहून घ्या : माल कुठे पोचेपर्यंत जबाबदारी आपली, आगाऊ रक्कम किती, माल नाकारला तर खर्च कोणाचा. आपण हे लिहून घेतलं नव्हतं.

शेवटी

१९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभा राहिलेला लिज्जत पापड आज परदेशात जातो. हजारो घरांत लाटलेला पापड, पण कुठलंही पाकीट उघडा, तोच आकार आणि तीच चव. घरोघरी केलेला माल एकसारखा ठेवता येतो, हे त्या बायकांनी दाखवून दिलंय.

या वर्षी आपण पुन्हा ऑर्डर घेतली. या वेळी फक्त १० खोकी. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर होता. गोदामात दोन पाकिटांचं सील सुटलेलं निघालं. वही उघडली, बॅच कळली. त्या दिवशी मशीन नीट तापलं नव्हतं, हे त्या ताईनेच सांगितलं. बैठकीत आवाज चढला नाही. तेवढ्या बॅचची पाकिटं पुन्हा सील करून दिली आणि दहाही खोकी गेली. एकत्र काम करणार नाही म्हणणारा तिसरा गट पुढच्या ऑर्डरसाठी बैठकीला आला होता.

गटाच्या बैठकीत करायचा अभ्यास

१. तुमच्या गटाच्या एका पदार्थाचे जिन्नस जास्तीकडून कमीकडे लिहून काढा. त्यात तीळ, शेंगदाणा, गहू, मोहरी, दूध यातलं काय आहे?
२. भरलेली दहा पाकिटं वजन करून पाहा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त किती भरलं?
३. एक पाकीट पाण्यात दाबून बघा. बुडबुडा आला का?
४. उद्या तक्रार आली तर ते पाकीट कोणत्या दिवशी, कोणी भरलं हे तुम्हाला सांगता येईल का? येत नसेल तर आजच वही घाला.